अठराव्या मिनिटानंतर

आईने खुल्या तासासाठी काढलेलं टाचण अठराव्या मिनिटाला थांबलं होतं. डाव्या रकान्यात मिनिटं, मधल्यात बाईंनी काय करायचं, उजवीकडे मुलं काय म्हणतील त्याचे अंदाज. सतरा मिनिटांपर्यंत तिन्ही रकाने गच्च भरलेले. अठराव्या मिनिटासमोर लिहिलं होतं, 'सगळ्यांचे टॅबलेट बंद. मग'. त्यापुढे काही नाही. उरलेली सत्तावीस मिनिटं कोरी.

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुलांच्या बुटांच्या कपाटाशी आई खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीतला हा तिचा शेवटचा खुला तास, नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला. जिल्ह्यातले चाळीस शिक्षक वर्गाच्या भिंतींना पाठ लावून उभे राहून तो बघणार होते आणि नंतर त्यावर चर्चा करणार होते.

वर्षाच्या मधोमध बदली शिक्षक मिळत नाही. मुख्याध्यापक ह्योदो सरांनी चार ठिकाणी विचारून पाहिलं आणि मग मला विचारलं. मी मात्सुयामात सहा वर्षं शिकवलं होतं, नंतर ते सोडून तिथल्याच ग्रंथालयात लागले होते. पदवी होती, आईचं घरही उवाजिमाच्या अलीकडच्या ह्याच गावात होतं. मार्चपर्यंत ये, म्हणाले. खुला तास रद्द करू, असंही म्हणाले. मी म्हटलं, नको, मी घेते.

सगळ्यांना वाटलं, मुलगी आईचं अपुरं काम पुरं करते आहे. कुणी तसं म्हटलं की मी मान डोलवायची. खरं म्हणजे आई अर्धं वाक्य सोडणारी बाई नव्हती. किराण्याच्या यादीलाही ती पूर्णविराम द्यायची. त्या 'मग'च्या पुढे तिच्या डोक्यात काय होतं, ते मला हवं होतं. ते सापडलं नाही तर तिच्या नावाच्या तासात सत्तावीस मिनिटं मला माझ्याकडचं काहीतरी भरावं लागलं असतं, आणि तो तास तिचा राहिला नसता.

पाचवीत अकरा मुलं. आडनावाने मीही सेइके आणि आईही सेइके, म्हणून पहिल्याच दिवशी तेप्पेई नावाच्या मुलाने आम्हाला थोरल्या बाई आणि धाकट्या बाई करून टाकलं. मी उंचीने आईपेक्षा जास्त आहे हे त्याने मान्य केलं, पण त्याने काही फरक पडत नाही म्हणाला.

मुलांना टॅबलेट सहज येत होते. मी प्रश्न विचारला की प्रत्येक जण आपापल्या चौकटीत उत्तर लिहायचा आणि त्या अकरा चौकटी समोरच्या पडद्यावर आणि सगळ्यांच्या हातातल्या काचेवर एकदमच दिसायच्या. मुलं त्याला भिंत म्हणत. कोण काय लिहितंय ते अक्षर उमटता उमटता सगळ्यांना दिसे. पहिल्या मिनिटाला भिंतीवर अकरा ठिकाणी काहीतरी वेगळं हलत असे. एवढ्या चौकटी एका नजरेत वाचता येत नसत. तिसऱ्या मिनिटाला कोहारुची चौकट पुरी व्हायची. ती हुशार, अक्षरही तिचं आधी येई. पाचव्या मिनिटाला सगळ्या चौकटी कोहारुच्या झालेल्या असायच्या, शेवटचं क्रियापद तेवढं निराळं. कुणी चुकत नव्हतं. वर्ग बघायला आलेल्या माणसाला वाटावं, काय छान समजलंय सगळ्यांना.

आईला हे चाललं असेल असं मला वाटेना. मी तिने तपासलेल्या मुलांच्या कागदी वह्या काढल्या. तिथे तिच्या लाल पेन्सिलीने एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं: 'आणखी काही म्हणणार होतीस का?' एप्रिलपासून तेवीस वेळा, नऊ मुलांच्या वह्यांत. कोहारुच्या वहीत एकदाही नाही. मुलांनी खाली बहुतेक वेळा 'नाही' एवढंच लिहिलं होतं. सुझुना नावाची एक अबोल मुलगी आहे, तिने तीनदा 'नाही' लिहून चौथ्यांदा अर्धं पान भरलं होतं. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा धडा होता. तो वाट चुकला, असं भिंतीवर अकराही जणांचं उत्तर होतं. वहीत सुझुनाने लिहिलं होतं, तो वाट चुकला नसेल, त्याला किनारा बघायचा असेल, आम्ही नाही का समुद्र बघायला जात. त्याखाली लाल पेन्सिलीने नुसता एक गोल होता, मोठा, दोनदा गिरवलेला.

पण कुणाला कधी विचारायचं हे आईला कसं कळायचं? त्या त्या दिवशी भिंतीवर सुझुनाचं उत्तर तर बाकीच्यांसारखंच होतं. मला हे कोडं चार दिवस सुटलं नाही.

आमच्याकडे खुल्या तासाआधी शिक्षकच मुलं होऊन बसतात आणि ज्याचा तास असेल तो त्यांना शिकवतो. वर्गातल्या मुलांवर तो धडा आधी वापरून शिळा करायचा नाही, म्हणून ही रीत. नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी साडेतीनला सगळे पाचवीच्या वर्गात जमले. ह्योदो सरांचे गुडघे बाकाखाली मावेनात, ते आडवे बसले. शाळेच्या नर्सबाई तेप्पेई झाल्या होत्या आणि मी खडू उचलायच्या आत त्यांनी दोनदा शू लागली म्हणून हात वर केला. उपमुख्याध्यापिका याकुशिजिन बाई कुणीही झाल्या नव्हत्या. त्या याकुशिजिन बाईच होत्या, फक्त लहान खुर्चीवर.

धडा होता टपालहोडीचा. बाहेरच्या बेटावरची एक आजी मुलाच्या पत्राची वाट बघत असते. एके दिवशी पत्र येतं, पण पाकिटाला मृत्यूच्या बातमीची काळी कड असते. आत काय आहे ते होडीवाल्याला कळतं. तो तीन दिवस आजीला सांगतो, आज काही नाही हो आजी. चौथ्या दिवशी पत्र देतो. प्रश्न एकच: होडीवाल्याने तीन दिवस पत्र का दिलं नाही?

शिक्षक लिहायला लागले. भिंतीवर अक्षरं हलली. मग याकुशिजिन बाईंची चौकट भरली: 'आजीला दुःख होऊ नये म्हणून.' दोन मिनिटांत सगळ्या चौकटींत आजी, दुःख आणि होऊ नये.

"झालं," नर्सबाई म्हणाल्या. "याकुशिजिन बाईंनी लिहिल्यावर आम्ही काय वेगळं लिहिणार? मला अजून ह्याच शाळेत राहायचंय."

हसू झालं. याकुशिजिन बाईही हसल्या, थोड्या उशिरा. प्रोजेक्टरच्या तारेपाशी हिवातारी बसली होती. टॅबलेटची देखभाल करायला ती दर बुधवारी येते, आठवड्यात पाच शाळा करते. ती म्हणाली, "लिहिलं होतं की वेगळं. सगळ्यांनीच. दाखवू?" मी हो की नाही म्हणायच्या आत तिने कोपऱ्यातलं काहीतरी दाबलं आणि भिंत उलटी चालायला लागली. पुसलेली वाक्यं एकेक करून परत आली. नर्सबाईंनी आधी लिहिलं होतं, आजी त्याला रोज काहीतरी खायला द्यायची, ते बंद होईल म्हणून. संगीताच्या सरांनी लिहिलं होतं, पाकीट चुकीचं असेल अशी आशा. लोक ओरडून ओरडून वाचत होते. मग ह्योदो सरांची चौकट मागे गेली. वर त्यांचं नाव, आणि खाली:

'सांगणारा माणूस आपण नसावं, एवढंच.'

हे कुणी ओरडून वाचलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून सगळ्यांना आठवलं हे मला कळलं. त्या शुक्रवारी मात्सुयामाला मला फोन ह्योदो सरांनी केला होता. बाईंना जरा बरं वाटत नाहीये, ये, एवढंच ते म्हणाले होते. तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. मला ते इस्पितळाच्या दारात कळलं.

याकुशिजिन बाईंनी घसा साफ केला. "हेच करायचं," त्या म्हणाल्या. "सतरा मिनिटं सगळे सारखे. अठराव्याला टॅबलेट बंद, आणि मग हे. लोक उभ्या उभ्या टाळ्या वाजवतील." बाकीच्यांनी मान डोलावली. मलाही पटलं. 'मग'च्या पुढची जागा भरली असं वाटलं, आणि आईचं गुपितही सुटल्यासारखं झालं. ती रोज मागे जाऊन बघत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्योदो सर रोजच्यासारखे फाटकाशी उभे राहून येणाऱ्या मुलांना नमस्कार करत होते. मी जवळून जाताना ते मुलांकडे बघतच बोलले. शाळेत ते मला सेइके बाई म्हणतात. तेव्हा म्हणाले नाहीत.

"फुमिए, तुला मी त्या दिवशी खरं सांगितलं नाही. ते मी तुला कधीतरी सांगणार होतो. चहा घेताना, असं कधीतरी. पडद्यावर नाही."

मी म्हटलं, माझा राग नाही. ते म्हणाले, "रागाचं नाही म्हणत मी. काल मी ते पुसलं होतं." मग त्यांनी पहिलीतल्या एका मुलीची पिवळी टोपी सरळ केली आणि पुढच्या मुलाला नमस्कार केला.

पुढच्या बुधवारी हिवातारी आली तेव्हा मी विचारलं, माझ्या आईला हे माहीत होतं का. "त्यांनीच तर एप्रिलमध्ये मला विचारून घेतलं," ती म्हणाली. "रोज चार वाजता बघत बसायच्या, चहा गार व्हायचा. मुलांना माहीत नव्हतं बहुतेक." तार गुंडाळता गुंडाळता तिने सांगितलं, टाचणाची फाइलही त्याच खात्यात आहे, तिचंही आधीचं दिसतं, हवं तर बघा. आणि पुढच्या शाळेची वेळ झाली म्हणून गेली.

हवं तर बघा. मी तिची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंतसुद्धा थांबले नाही.

'मग'च्या पुढे आईने सात वेळा लिहून सात वेळा पुसलं होतं. आधी 'मग पहिली उत्तरं पडद्यावर', ते मिनिटभरात पुसलेलं. दोन दिवसांनी तेच, 'नावं न लावता'. मग एक वाक्य जे टाचणात शोभत नाही: 'अकरांत कोण ते कळतंच.' नंतर 'मुलांना विचारून', आणि त्याच दिवशी त्याच्या खाली, 'इतके महिने न विचारता बघितलं, ते आता कसं सांगू.' सहावं नुसतंच 'नको'. सातवं ती गेली त्याच्या दोन दिवस आधीचं: 'फुमिएला विचारू. तिला असलं काही कळतं.' हे वाक्य पडद्यावर चाळीस सेकंद होतं. मग ते गेलं आणि 'मग' तेवढं उरलं.

फोन आला नव्हता. त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही बोललो होतो, नव्या मिकान संत्र्यांची पेटी पाठवू की तू येऊन नेशील, यावर. मी म्हटलं होतं, बघू.

मी टॅबलेट मिटला, शिक्षकखोलीतल्या सगळ्यांच्या कपबशा विसळल्या, स्वच्छ होत्या त्यासुद्धा. आईने माझं नाव लिहिलं होतं ह्याचा मला आनंद होत होता. आणि ते तिने मला दिलेलं नव्हतं, मी तिच्या खिशातून काढलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्यातलं एक दुसऱ्याला खात नव्हतं. पण एवढं मात्र कळलं की जे मुलांच्या बाबतीत आईला करवलं नाही ते मी तिच्या नावाने चाळीस माणसांसमोर करायला निघाले होते.

खुल्या तासाच्या आधीच्या सोमवारी मी मुलांना सांगितलं. टॅबलेटवर पुसलेलं जात नाही. ते मला दिसतं. थोरल्या बाईंनाही दिसायचं, आणि त्या बघायच्या.

 मग तेप्पेईने विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"मे महिन्यात मी थोरल्या बाईंच्या केसांबद्दल लिहिलं होतं, तेपण?"

मी म्हटलं, मी अजून मे महिन्यापर्यंत पोचले नाही. "मग पोचू नका," तो म्हणाला आणि बाकीचे हसले. सुझुना हसली नाही. ती आपल्या टॅबलेटच्या बंद काचेकडे बघत होती.

"म्हणून त्या मला विचारायच्या," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यांना माझ्या तोंडाकडे बघून कळतं."

 आईला तोंडाकडे बघूनही कळत असे, हे मी शपथेवर सांगू शकले असते, माझं कळायचं. पण त्या तेवीस वेळांतलं कोणतं कशामुळे, ते मला माहीत नव्हतं. सुझुनाकडून मी काहीतरी काढून घेतलं होतं आणि त्याच्या बदल्यात खरं सोडून दुसरं काही दिलं नव्हतं.

मंगळवारी वर्गात कुणी काही पुसलं नाही. कोहारुची चौकट भरेपर्यंत दहा मुलं हात मांडीवर ठेवून बसली, मग एका दमात सगळ्यांनी तिच्यासारखं लिहिलं. भिंत इतकी नीटनेटकी कधीच झाली नव्हती. याकुशिजिन बाई खिडकीतून बघून गेल्या आणि मधल्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चार दिवस दम धरवला नाही? आता काय दाखवणार? कोरा कागद?" त्यांचं चूक नव्हतं. साधन हातात होतं, आणि मी त्याचा डोळा फोडून ठेवला होता.

बुधवारी मी टाचण मुलांपुढेच ठेवलं. म्हटलं, शुक्रवारी हा धडा आहे, प्रश्न मी आज सांगणार नाही, पण अठराव्या मिनिटानंतर काय करायचं ते थोरल्या बाईंनी लिहिलेलं नाही आणि मला सुचत नाहीये. बाई असं म्हणाल्या की मुलांना आधी गंमत वाटते, मग ती कामाला लागतात. तेप्पेईने सुचवलं, सत्तावीस मिनिटं फुटबॉल.

पहिला खरा मुद्दा कोहारुने काढला. थोरल्या बाईंनी तिच्या वहीत कधीच काही विचारलं नव्हतं, तिच्याकडे पुसलेलं काही नव्हतंच. ती उभी राहून जरा चिडूनच बोलली.

"सगळे माझंच बघतात. म्हणून मला पहिल्यांदाच बरोबर लिहावं लागतं. मला पण चुकीचं लिहायचं असतं कधीकधी."

भिंत सगळ्यांचं लिहून होईपर्यंत झाकता येते का, तिने विचारलं. हिवातारी यायला अजून वेळ होता, मी तिला फोन केला. झाकता येते, ती म्हणाली, ती सोय पहिल्यापासून आहे, सेटिंगमध्ये चौथ्या ओळीत, आजवर कुणी विचारलं नाही. आम्ही अकरा मुलं आणि एक बाई मिळून तिथपर्यंत सरकलो आणि ती सापडली.

आणि पुसण्याचं काय, मी विचारलं.  सुझुना बसल्या जागेवरून म्हणाली, "गणिताच्या वहीत खोडरबर चालत नाही ना. चुकलं तर दोन रेघा मारतो, खालचं दिसतं. इथे का पुसतो?"

"आणि फारच लाज वाटली तर?" तेप्पेई.

"तर पूस. पण मग ते बाईंनी बघायचं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रेघ मारलेलं दाखवायला हरकत नाही, पुसलेलं आपलं. असा नियम मी सहा वर्षांच्या नोकरीत आणि चार कपाटं पुस्तकांत वाचला नव्हता. मी म्हटलं, नाही बघणार. तेप्पेईला तोंडी आश्वासन पुरलं नाही. करंगळीत करंगळी अडकवून शपथ घ्यावी लागली, अकरा वेळा, खोटं बोलले तर हजार सुया गिळीन म्हणत. म्हणजे अकरा हजार, त्याने हिशेब करून सांगितलं.

शुक्रवारी चाळीस शिक्षक पायात शाळेच्या हिरव्या सपाता घालून भिंतींना टेकून उभे राहिले. मी धडा वाचला. आजी, काळ्या कडेचं पाकीट, तीन दिवस. प्रश्न विचारला. भिंत झाकलेली होती, पडद्यावर नुसता करडा रंग. मुलं लिहीत होती आणि काय लिहितात ते मलाही दिसत नव्हतं. ही पाच मिनिटं फार लांब गेली. मागे कुणीतरी घड्याळ बघितलं.

सोळाव्या मिनिटाला मी भिंत उघडली. सहा चौकटींत रेघा होत्या. कोहारुने 'आजीला दुःख होऊ नये म्हणून' लिहून त्यावर दोन रेघा मारल्या होत्या, आणि खाली, 'माहीत नाही. मला होडीवाल्यालाच विचारायचंय.' तेप्पेईच्या चौकटीत तीन वाक्यं खोडलेली आणि चौथं अर्धं. कुणाही दोघांची उत्तरं एकसारखी नव्हती. सुझुनाची चौकट पांढरी होती.

अठराव्या मिनिटाला मी सगळ्यांना टॅबलेट बंद करायला सांगितले. मग मुलांनी एकमेकांना खोडलेल्याबद्दल विचारलं. तू हे का खोडलंस, असं. ज्याला सांगायचं त्याने सांगितलं, ज्याला नको त्याने 'पुढे' म्हटलं. होडीवाला घाबरट की दयाळू यावरून तेप्पेई आणि कोहारुची अशी जुंपली की तेप्पेई पाहुण्यांना विसरून खुर्चीवर चढला. सुझुनाला कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, पुढे. पंचेचाळीस मिनिटं संपली तेव्हा आमचं काहीच ठरलेलं नव्हतं आणि फळ्यावर निष्कर्षाची ओळ लिहायची राहून गेली होती.

चर्चेत त्याबद्दल बोलणी बसली. टॅबलेट फक्त अकरा मिनिटं वापरले, असंही एकाने मोजून सांगितलं. शेवटी शिक्षण मंडळाचे पर्यवेक्षक उठले. शांत, म्हातारे गृहस्थ. त्यांना त्या पांढऱ्या चौकटीचं कुतूहल होतं. मुलीला बराच वेळ लिहिताना मी बघितलं, ते म्हणाले, मग तिने सगळं पुसलं. काय होतं ते? नोंद असेलच.

तासासाठी आलेल्या हिवातारीने माझ्याकडे बघितलं. ह्योदो सर आपल्या कागदाकडे बघत होते.

"नोंद आहे," मी म्हटलं. "मी बघितलेली नाही."

"शिक्षकाला कळायला नको?"

"हवं. मी तिला विचारीन."

 पुढे काही विचारतील असं वाटलं, पण ते खाली बसले. ती न बघितलेली चौकट मला त्यांच्याहून जास्त टोचत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी सुझुना लवकर आली. फुलांच्या कुंड्यांना पाणी घालायची तिची पाळी होती. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि विचारलं, शुक्रवारी आणखी काही म्हणणार होतीस का. तिने झारी खाली ठेवली.

"सांगते. पण आधी तुम्ही. तुम्ही काय लिहिलं असतं?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मात्सुयामाहून गाडी ऐंशी मिनिटं घेते. आई गेली त्या दिवशी मी खिडकीशी बसले होते, आईला सूप चालेल की भात, असा विचार करत. मिकानच्या पेटीला हो म्हणायचं ठरवलं होतं.

"तीन दिवस आजीचा मुलगा आजीपुरता जिवंत होता," मी म्हटलं. "होडीवाल्याला ते तीन दिवस तिला द्यायचे असतील."

सुझुनाने ह्यावर नीट विचार केला. घाई नव्हती तिला.

"मग आजीला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तिला हवे होते का ते."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तिला कळलंच असतं. "हो ना," ती म्हणाली. "तिथेच मी अडकले." आणि मग तिने काय लिहिलं होतं आणि का पुसलं ते सांगितलं, झारी उचलून शेवटच्या कुंडीपर्यंत जाता जाता, माझ्याकडे न बघता. ते मी इथे लिहीत नाही.